नकाशा पडद्यावर, पडताळणी शिवारात

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूर परिसरावर दाट ढग होते. अशा वेळी साधे उपग्रह-छायाचित्र निरुपयोगी ठरते. सेंटिनेल-1 सारख्या उपग्रहाचे रडार मात्र ढगांपलीकडचे टिपते. शांत पाण्यावरून रडारलहरी दुसरीकडे परावर्तित होतात, म्हणून पाणी काळे दिसते. पण वारणाकाठच्या उंच उसाच्या बुडाशी पाणी असले, तरी वरचा पाला ते झाकतो आणि संगणक तिथे कोरडे शेत दाखवू शकतो. ही चूक ओळखायला शिवार माहीत असावे लागते. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावच्या भूगोल शिकणाऱ्या मुलामुलींना उपग्रह-चित्रे आणि संगणकी नकाशांच्या या क्षेत्रात खरी संधी आहे, असे मला ठामपणे वाटते.

चित्रातल्या घरांच्या कडा आता यंत्रच आखते, मग नोकऱ्या उरतील कुठे, असा आक्षेप घेतला जातो. निव्वळ रेषा ओढण्याची कामे घटतील, हे खरेच. पण गावठाणांची ड्रोनने मोजणी करणाऱ्या 2020 च्या स्वामित्व योजनेतही ड्रोन उडण्याआधी गावठाणातल्या मालमत्तांच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात. कॅमेऱ्याला छप्पर दिसते, मालकी नाही. खर्चाचे म्हणाल, तर क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. अडचण शिकवण्यात आहे: नुसती बटणे दाखवणारा अभ्यासक्रम अपुरा, त्याला सांख्यिकी, पायथन आणि प्रत्यक्ष भूमापनाची जोड हवीच.