सोने खरे की खोटे, घरी किती कळते?

नगर अर्बन बँकेच्या शेवगाव शाखेत बनावट सोने तारण ठेवून कर्जे उचलल्याचे प्रकरण जिल्ह्यात गाजले. बँक फसू शकते, मग घरच्या चाचणीवर किती विसंबायचे?

लोहचुंबकाचा भरवसा नको. तांबे-पितळही त्याला चिकटत नाही. व्हिनेगर, लिंबू यांनी वरचा मुलामाच तपासला जातो. पाण्याची चाचणी मात्र कामाची. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. कोरड्या वजनाला दिसणाऱ्या आकड्याने भागा; येणारे उत्तर म्हणजे घनता. 22 कॅरेटचे भरीव सोने असेल तर उत्तर साधारण 17.5 ते 18 येते. शुद्ध चांदीचे 10.5, पितळेचे साडेआठच्या आसपास. पोकळ, लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या दागिन्याला ही चाचणी लागू नाही. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच, त्यामुळे आत ते भरले असेल तर पाणीही फसते.

1 एप्रिल 2023 पासून सराफाला हॉलमार्कचे दागिने सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय विकता येत नाहीत. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा. आजीच्या पाटल्यांवर तो नसणारच. त्या हॉलमार्किंग केंद्रातच न्या.