वादळ एका रात्रीचे, भुंगा पुढच्या पावसाळ्याचा : ‘गजा’ चक्रीवादळ आणि तंजावरचे माड

मराठी वाचकास तंजावर परिचित आहे ते भोसले घराण्याच्या राजवटीमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. कृषी क्षेत्रात या जिल्ह्याची ओळख कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार अशी आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विशेषतः पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी परिसरात, कालव्याचे पाणी उशिरा आणि अपुरे पोहोचत असल्याने अनेक शेतकरी हळूहळू भाताकडून नारळाकडे वळले. वर्षभर थोडेथोडे उत्पन्न देणारा माड त्यांना भातापेक्षा निर्धोक वाटत होता. नोव्हेंबर 2018 मधील ‘गजा’ चक्रीवादळाने या विश्वासाला मोठा धक्का दिला.

प्रतीक्षेचे दिवस

10 नोव्हेंबर 2018 रोजी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे तीव्र क्षेत्र निर्माण झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे चक्रीवादळात रूपांतर झाले. ‘गजा’ हे नाव श्रीलंकेने सुचविलेल्या नावांपैकी होते. वादळ कडलूर ते पांबन या दरम्यान किनारा ओलांडेल, असा अंदाज होता. हा टापू मोठा असल्याने त्रिभुज प्रदेशातील प्रत्येक गावाला ते आपल्याच दिशेने येत असल्याची भीती वाटत होती. 15 नोव्हेंबरला अपेक्षित असलेले वादळ रेंगाळले आणि अखेरीस 16 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान जमिनीवर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होता.

प्रतीक्षेच्या या दिवसांत सखल भागांतील हजारो लोकांना निवारा केंद्रांत हलविण्यात आले, मच्छीमारांना समुद्रात जाण्यास मनाई करण्यात आली आणि शाळांना सुट्टी देण्यात आली. शेतात सांबा हंगामाचा भात उभा होता. भातखाचरातील पाणी काढता येते, केळीला आधार देता येतो, जनावरे सुरक्षित जागी नेता येतात. तीस-चाळीस वर्षांच्या माडांच्या बागेसाठी मात्र काही करता येते, ही कल्पनाच सहसा नसते. बातम्या ऐकत राहणे एवढेच बागायतदाराच्या हाती उरते.

किनारा ओलांडल्यानंतरही वादळ लवकर क्षीण झाले नाही. तंजावर, पुदुक्कोट्टै आणि दिंडिगलपर्यंत हानी करीत ते केरळ ओलांडून अरबी समुद्रात गेले. चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लाखो माड मुळासकट उपटले गेले, काही खोडातून मोडले, तर काहींचे शेंडे पिळवटले गेले.

तमिळनाडू शासनाने प्रत्येक पडलेल्या माडासाठी 600 रुपये भरपाई आणि तो तोडून हलविण्यासाठी 500 रुपये, असे एकूण 1,100 रुपये जाहीर केले. हेक्टरी 175 माड धरल्यास ही रक्कम 1,92,500 रुपये होते. नव्याने लावलेला उंच जातीचा माड फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात, हे लक्षात घेता भरपाईची रक्कम अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कीटकशास्त्राच्या दृष्टीने त्यातील दुसरा भाग, म्हणजे खोड हलविण्याचे 500 रुपये, अधिक महत्त्वाचा आहे.

पडलेले खोड ही भुंग्याची पैदास-जागा

गेंड्या भुंग्याची मादी जिवंत माडात अंडी घालत नाही. ती शेणखताचे उकिरडे, कुजणारा पालापाचोळा आणि कुजू लागलेली नारळाची खोडे यांत अंडी घालते. अंड्यापासून प्रौढ भुंगा तयार होण्यास साधारणतः पाच ते नऊ महिने लागतात. म्हणजेच नोव्हेंबरमध्ये पडलेले खोड जागेवरच राहिले, तर त्यातून निघणारे भुंगे पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास वाचलेल्या माडांवर आणि नव्या रोपांवर येतात. भुंगा कोवळ्या, न उमललेल्या पानाचा कोंब पोखरतो. असे पान उमलल्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. लहान रोपाचा कोंबच मेल्यास संपूर्ण रोप हातचे जाते.

गेंड्या भुंग्याने केलेल्या छिद्रांतून आणि वादळात झालेल्या जखमांतून सोंड्या भुंग्याला, तसेच कोंबकुज रोगाच्या बुरशीला वाट मिळते. जखमेतून वाहणाऱ्या रसाच्या वासाने सोंड्या भुंग्याची मादी आकर्षित होते आणि तेथे अंडी घालते. अळ्या खोड आतून पोखरतात. तपकिरी रसाचा ओघळ किंवा शेंडा पिवळा पडणे ही लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

शेंडा तुटून उभे राहिलेले मृत खोड विशेष धोकादायक असते. जमिनीवर पडलेले खोड डोळ्यांना खुपते, म्हणून कधीतरी हलविले जाते. उभे खोड मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते आणि वरून कुजत गेल्याने भुंग्यांची पैदास-जागा बनते.

पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे 2007 मध्ये गेंड्या भुंगा प्रथम आढळला. मे 2015 मधील ‘डॉल्फिन’ वादळाने बेटावर मोडक्या झाडांचे ढीग साचले आणि त्यानंतर भुंग्यांचा मोठा उद्रेक झाला. भुंग्यांनी मारलेले माड कुजून पुढील पिढ्यांच्या पैदाशीच्या जागा झाल्या आणि हे चक्र स्वतःच चालू राहिले.

इशाऱ्याचे चार टप्पे, बागेची चार कामे

भारतीय हवामानशास्त्र विभाग चक्रीवादळाची सूचना चार टप्प्यांत देतो. बागेची कामे या टप्प्यांशी जोडल्यास प्रतीक्षेचा काळ उपयोगी लावता येतो.

1. सुमारे 72 तास आधी, पूर्वसूचना : सिंचन थांबवावे. ओल्या, भुसभुशीत मातीत मुळांची पकड सैल होते. बुंध्याशी मातीची भर द्यावी.

2. 48 तास आधी, सतर्कता : तयार नारळ आणि शहाळी उतरवावीत. वाळलेल्या आणि खालच्या जड झावळ्या काढून शेंड्यावरील भार कमी करावा. झावळी खोडालगत न कापता देठाचा सुमारे 1 मीटर भाग राखावा, म्हणजे सोंड्या भुंग्याला खोडात शिरता येत नाही.

3. 24 तास आधी, इशारा : माडावर चढण्याची सर्व कामे बंद करावीत. पंप, अवजारे आणि जनावरे सुरक्षित जागी हलवावीत.

4. 12 तास आधी : किनारा ओलांडल्यानंतर वादळ कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज या टप्प्यात दिला जातो. किनाऱ्यापासून दूर असलेल्या गावांनी तो आवर्जून पाहावा. ‘गजा’ने पुदुक्कोट्टै आणि दिंडिगलला दिलेला धडा हाच आहे.

वादळानंतर कमी वयाची, कललेली झाडे लवकर सरळ करून आधार द्यावा. वाचलेल्या माडांवरील जखमा डांबर लावून बंद कराव्यात आणि शेंड्यावर 1 टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. पडलेली तसेच उभी मृत खोडे कापून, चिरून बागेबाहेर न्यावीत. इमारती लाकूड, जळण किंवा वीटभट्टी यांपैकी जो उपयोग शक्य असेल तो करावा. लगेच हलविणे अशक्य असल्यास खोडे उभी चिरून वाळवावीत. बुंध्याचे उरलेले भाग आणि शेणखताचे खड्डे यांत मेटारायझियम बुरशीचा वापर करावा. रोपांच्या कोंबालगतच्या तीन पानांच्या बेचक्यांत प्रत्येकी एक डांबरगोळी ठेवून त्यावर वाळू टाकावी आणि दर 45 दिवसांनी हा उपाय पुन्हा करावा. कामगंध सापळे संपूर्ण गावाने मिळून लावल्यासच अपेक्षित परिणाम मिळतो.

कोकणासाठी

3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड आणि दापोली भागांतील नारळ-सुपारीच्या वाड्या उद्ध्वस्त केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याजवळून गेले. कोकणात मे-जूनमधील वादळानंतर लगेच पावसाळा सुरू होतो, त्यामुळे पडलेली खोडे वाळण्याऐवजी भिजून कुजू लागतात आणि सफाईसाठी मिळणारा अवधी आणखी कमी होतो. शिवाय वाड्या लहान आणि एकमेकींना लागून असतात. एका वाडीत राहिलेले खोड शेजारच्या चार वाड्यांना भुंगे पुरवते.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी गावपातळीवर करवती, चढणारे कामगार आणि खोडे उचलणारी वाहने यांची यादी एप्रिलमध्येच तयार ठेवावी. पंचनाम्याच्या वेळी पडलेल्या माडांबरोबर शेंडा तुटलेल्या उभ्या खोडांचीही नोंद घ्यावी, आणि ती हलविली गेली किंवा नाही याची पाहणी वादळानंतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा करावी. अळ्या खोडात असतानाच ही पाहणी झाली, तर पुढचा पावसाळा वाचलेल्या माडांना सुखरूप जाऊ शकतो.