थंड इंजिन, सकाळी सहा वाजता

१९९८ साली पुण्यात पहिली सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हा गाडीपेक्षा मेकॅनिकवर विश्वास जास्त होता. घराजवळच्या गॅरेजवाल्या काकांनी सात वर्षं वापरलेली मारुती ८०० पाहिली, ऑइल दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "घ्या." त्यांचा निकष एकच होता: आडगावात बंद पडली, तर तिथल्या माणसाला ती दुरुस्त करता येईल का? रोजच्या वापरासाठी याहून चांगला निकष मला अजून सापडलेला नाही.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मात्र नजर बदलावी लागली. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या वर्षी ठाण्यात एक गाडी पाहिली. नवी सीटकव्हरं, आरशासारखा रंग, किंमत मात्र बरीच कमी. काकांनी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी गुंडाळलेल्या राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची तपकिरी रेघ होती. मग स्टेपनी उचलली, खाली खळग्यात बारीक गाळ. पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन सुरू करता येतं, पण वायरिंगच्या जोडांमधला गंज पुढे कधी दगा देईल हे कुणीच सांगू शकत नाही. आम्ही हात जोडून निघालो.

पुढे मीटर डिजिटल झाले आणि किलोमीटर मागे फिरवणं लॅपटॉपवरचं काम झालं. २०१६मध्ये एक गाडी पाहिली: २०१२चं मॉडेल, मीटर २२ हजार, आणि चारही टायरवर '२३१५' हा आकडा. म्हणजे टायर २०१५च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. इतक्या कमी धावलेल्या गाडीला चारही टायर नवे का लागले? क्लचच्या पेडलचं रबरही गुळगुळीत झालं होतं. तीही सोडली.

कागदांचं महत्त्व मला उशिरा कळलं. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं. गाडी विकून नाव न बदलल्यास अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, तरी नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचा फॉर्म ३५ आधी हातात हवा.

गेल्या वर्षी मुलीसाठी शोध सुरू झाला. ऑफिस नऊ किलोमीटरवर, वाटेत सगळे सिग्नल. तिला एक बीएस-६ डिझेल आवडली होती. मी आग्रहाने नको म्हटलं. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर जळून साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापलेलं लागतं. रोजच्या अशा छोट्या फेऱ्यांत तो तुंबत जातो. शेवटी पेट्रोल गाडी ठरली. मालकाला आदल्या रात्रीच विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत चावी फिरवू नका. सकाळी सहाला पोचलो. मुलीने स्वतः बॉनेटवर हात ठेवला. थंडगार होतं. मग तिने गाडी सुरू केली.