अनेक धन्यांची तोफ

जंजिरा आणि विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला परक्या तटबंदीचे अप्रूप ते काय वाटणार, अशी शंका मनात बाळगूनच मी संपादकांच्या आग्रहाखातर इंग्लिश खाडीतील गर्न्झी बेटावर गेलो. बेटाची बखर थोडक्यात सांगण्यासारखी आहे: ३० जून १९४० रोजी जर्मनांनी कबजा घेतला, ऑक्टोबर १९४१ मध्ये हिटलरने कायमस्वरूपी तटबंदीचा हुकूम सोडला, आणि अवघ्या ६५ चौरस किलोमीटरांच्या भूमीत, टोट या जर्मन बांधकाम संघटनेने कामाला जुंपलेल्या मजुरांच्या श्रमांतून, काँक्रीटचे मनोरे, भुयारे व तोफखाने उभे राहिले.

मला खिळवून ठेवले ते मिरस तोफखान्याने. तेथील चार तोफा ३०.५ सेंटिमीटर व्यासाच्या असून हलका गोळा सुमारे ५१ किलोमीटरांवर फेकीत; परंतु त्यांच्या पल्ल्याहून त्यांचा प्रवास अधिक विलक्षण आहे. झारच्या ‘इम्पेरातोर अलेक्सांद्र तिसरा’ या युद्धनौकेसाठी त्या ओतल्या गेल्या. क्रांतीनंतर नौकेचे नाव बदलले, धनी बदलले, आणि बोल्शेविकांविरुद्ध लढून पराभूत झालेल्या श्वेत सेनेबरोबर ती ट्युनिशियातील बिझर्ट बंदरात येऊन अडकली. नौका मोडीत निघाली, तोफा मात्र फ्रेंचांच्या कोठारात उरल्या. फिनलंडकडे रवाना केलेल्या तोफांपैकी या चार १९४० साली नॉर्वेतील बर्गेन येथे जर्मनांच्या हाती लागल्या आणि क्रूपच्या कारखान्यात डागडुजी होऊन गर्न्झीत आल्या. विमानांतून ओळख पटू नये म्हणून या राक्षसी यंत्रावर खोटे छप्पर चढवून भिंतींवर खिडक्या रंगविलेल्या होत्या. दुरून पाहणाऱ्यास ते एखाद्या शेतकऱ्याचे घरच वाटावे.

एवढा खटाटोप झाला, तरी जून १९४४ मध्ये दोस्तांचे सैन्य बेटांना वळसा घालून नॉर्मंडीत उतरले. रसद तुटली, शिबंदी व प्रजा दोघांवरही उपासमारीची पाळी आली, आणि डिसेंबरात रेडक्रॉसचे ‘वेगा’ जहाज आले तेव्हा कोठे रहिवाशांच्या तोंडी घास पडला. ९ मे १९४५ रोजी बेट मुक्त झाले.

तोफा पुढे तुकडे करून भंगारात गेल्या. उरले ते प्रचंड वर्तुळाकार खड्डे आणि त्यांभोवतीची तळघरे. त्यांची निगा हा आता खरा बिकट प्रश्न आहे. काँक्रीट हटविणे खर्चाचे, राखणे कष्टाचे. ओल झिरपते, लोखंड गंजून फुगते, झुडपे माजतात. बरेच अवशेष खासगी मालकीच्या जमिनीत आहेत, आणि साफसफाईचा भार मुख्यतः स्थानिक हौशी स्वयंसेवकांवर पडतो. शत्रूने वेठीला धरलेल्या मजुरांकडून बांधून घेतलेले हे ओझे जपावे कशाला, असे कोणी विचारील. माझे मत असे की ते जपावेच. मात्र तेथे तोफेच्या पल्ल्याचा आकडा जेवढ्या ठळकपणे सांगितला जातो, तेवढ्याच ठळकपणे त्या मजुरांची कहाणीही सांगितली जावी.