धावून जाणाऱ्यांची विचारपूस

रेल्वेने भंडाऱ्याला यायचं तर उतरावं लागतं वरठीला. स्टेशनवरच्या पाटीवर मात्र ‘भंडारा रोड’ असं नाव. मोहाडी तालुक्यातल्या या गावातून हावडा-मुंबई लोहमार्ग जातो, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना इथेच आहे आणि वैनगंगाही फार लांब नाही. रूळ, भट्टी आणि नदी यांच्या शेजाराला राहणाऱ्यांना अपघात नवा नसतो. रुळावरून देह उचलणारे रेल्वे पोलीस, १०८ रुग्णवाहिकेतले डॉक्टर आणि तिचे चालक, अग्निशमन कर्मचारी, बुडालेल्याला शोधायला पाण्यात उतरणारे ढिवर समाजातले पोहणारे. बातमीत यांच्या वाट्याला ‘बचाव पथक दाखल झाले’ एवढंच एक वाक्य येतं.

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. काहींचा जीव भाजल्याने गेला, बहुतेकांचा धुराने गुदमरून. धुराने भरलेल्या खोलीत शिरून ज्यांनी बाळं बाहेर आणली, त्यांच्या हातात त्या रात्री काय काय आलं असेल याची कल्पना वाचकाने न केलेलीच बरी. पुढे चौकशी झाली, डॉक्टर-परिचारिकांवर कारवाई झाली, राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी सुरू झाली. विजेच्या तारा तपासल्या गेल्या, ते योग्यच होतं. माणसांच्या तपासणीचा विषय मात्र चर्चेत क्वचितच आला.

चार वर्षांनी, २४ जानेवारी २०२५ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्याच जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळलं, आठ कामगार दगावले. नागपूरहून आपत्ती प्रतिसाद दलं आली, जेसीबीने ढिगारा उपसला गेला. अशा ठिकाणी ढिगाऱ्याखाली सापडणारा माणूस पुष्कळदा शोधणाऱ्याच्याच ओळखीचा असतो. कालपर्यंत एकाच कॅन्टीनमध्ये डबा खाल्लेला.

अशा माणसांच्या मनासाठी सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतल्या मानसिक आधाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २००९ सालीच. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलीस आणि इतर सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण वेळोवेळी देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून चालू आहे. १० ऑक्टोबर २०२२ला टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

अडचण अशी की या बहुतेक सेवा फोनची वाट बघत बसतात. रात्रभर प्रेतं उचलून आलेला गडी सकाळी अंघोळ करतो, चहा घेतो आणि पुन्हा ड्यूटीवर जातो. झोप लागत नाही, जळका वास नाकातून जात नाही, घरी लेकरांवर विनाकारण ओरडणं होतं. हा आजार असू शकतो हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि सांगितलं तरी, ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असा शिक्का बसला तर नोकरीचं काय? पोलीस ठाण्यात काय किंवा फायर स्टेशनात काय, ही भीती खरी आहे.

लष्कराने हे ओळखलं. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जवानांसाठी टेलि-मानसचा वेगळा कक्ष उघडला. जवानाचं जगणं जाणणारा माणूस फोनच्या पलीकडे असला की पहिलं वाक्य सोपं जातं. तसाच कक्ष अग्निशमन आणि १०८च्या लोकांसाठी काढायला काय हरकत आहे?

उत्साहाच्या भरात उपाय चुकतोही. १९८०च्या दशकात अमेरिकेत जेफ्री मिशेल यांनी दुर्घटनेनंतर पथकाला एकत्र बसवून सगळं बोलायला लावायची पद्धत रूढ केली. पुढे अभ्यासांत दिसलं, की एकाच बैठकीत असं उकरून काढल्याने पुढचा त्रास टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०११चा मानसिक प्रथमोपचार बराच साधा आहे: माणसाची गरज काय ते पाहा, तो बोलला तर ऐका, लागेल त्या मदतीशी गाठ घालून द्या. बोलायची सक्ती नाही.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने २०१६ साली याहून पुढचं पाऊल टाकलं. अग्निशमन, पोलीस वा रुग्णवाहिकेतल्या माणसाला आघातानंतरचा मानसिक विकार, म्हणजे पीटीएसडी, जडल्याचं निदान झालं, की तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध करायचं तर ते समोरच्याने करायचं. आपल्याकडे २०२५पर्यंत लागू असलेल्या १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्यातली व्यावसायिक आजारांची यादी शिसं, पारा, धूळ यांच्याभोवती फिरत होती. मनाच्या जखमेचं नाव तिथे नव्हतं. त्यात १०८ची सेवा २०१४पासून ठेकेदारामार्फत चालते, कारखान्यांत कंत्राटी कामगार असतात आणि नदीत उतरणारा ढिवर तर कोणाच्याच हजेरीपटावर नसतो.

दारापर्यंत जायचं कसं, हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असं नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला तेव्हा आशा सेविका घरोघरी गेल्या, झोप-भुकेचे प्रश्न विचारले आणि ज्यांना गरज होती त्यांना रुग्णालयापर्यंत पोहोचवलं. त्या चौदांत भंडारा नव्हता. प्रश्नावली तयार आहे, आशा सेविका वरठीतही आहेत. मोठ्या दुर्घटनेनंतर त्या रात्री कोण कोण कामाला होतं याची यादी, कायम, कंत्राटी आणि गावकरी असा भेद न करता, जिल्हाधिकारी कार्यालयाने करायची. दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा तीन महिन्यांनी जिल्हा मानसिक आरोग्य पथकाने त्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतःहून फोन करायचा. याला नवा कायदा लागत नाही.