डाग दिसला, पुढे काय?

पहिले 12 आठवडे

• डाग म्हणजे गर्भपातच, असे नाही. साधारण चारपैकी एकीला या काळात रक्त जाते. बहुतेकींचे दिवस टिकतात.

• सोनोग्राफीत गर्भाची लांबी 7 मिमी वा अधिक आणि ठोके नाहीत, किंवा भ्रूणाविना पिशवी सरासरी 25 मिमी वा अधिक: गर्भ थांबल्याचे निदान. माप कमी भरले तर निकाल लगेच नाही. 7 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासणी. शेवटच्या पाळीची तारीख चुकीची धरली तरी ठोके ‘उशिरा’ वाटतात.

• बीटा-एचसीजी (रक्तातले गर्भधारणेचे संप्रेरक): एका आकड्यावर निदान नाही. 48 तासांनी पुन्हा रक्त.

• एका कुशीत कळ, खांदेदुखी, भोवळ: गर्भ नलिकेत असू शकतो. अकोल्याची वाडी असो वा पाथर्डीचा ऊसतोड तळ, 108 रुग्णवाहिका मोफत.

• सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 (पूर्वीचा मातृत्व लाभ कायदा, 1961): गर्भपातानंतर 6 आठवडे पगारी रजा. ऊसतोडीत मात्र गैरहजेरीचा ‘खाडा’, म्हणजे दंड, कापतात.