वरच्या पाण्यातले मासे आणि घरातले डास

घरात माशांची काचपेटी ठेवली की डास वाढतात का, हा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर हमखास विचारला जातो. पेटीत योग्य मासे असतील तर डास वाढत नाहीत. मात्र मासे मेले, मुलांची हौस फिटली आणि अर्धी भरलेली पेटी परसात पडून राहिली, तर डेंग्यूच्या डासाला तयार पाळणाच मिळतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

'योग्य मासे' म्हणजे वरच्या पाण्यात राहणारे. डेंग्यूच्या डासाची अळी पाण्यात वाढते, पण श्वास घेण्यासाठी तिला वर यावेच लागते. शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून ती उलटी लोंबकळते. तळाशी चरणाऱ्या माशाचे तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. वरच्या थरातल्या माशाची पाठ सपाट आणि तोंड वर वळलेले असते, त्यामुळे अळी त्याच्या तोंडासमोरच येते.

यातला सर्वांच्या ओळखीचा मासा म्हणजे गप्पी. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला व त्रिनिदाद बेटावरचा. तेथून 1866 साली लंडनच्या संग्रहालयाला नमुने पाठविणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांचे नाव त्याला मिळाले. नर जेमतेम सव्वा इंचाचा पण रंगीत, मादी मोठी आणि फिकट. मादी अंडी न घालता दर महिन्याला जिवंत पिले देते. कोकणातल्या ओढ्यांतही डोक्यावर चमकता ठिपका असलेला एक छोटा मासा वरवर फिरताना दिसतो. तोही अळ्या खातो, पण उडी मारून बाहेर पडतो. कुऱ्हाडीच्या पात्यासारख्या पोटाचा हॅचेट मासा तर उडीबद्दल प्रसिद्धच आहे. म्हणून पेटीला जाळीचे झाकण हवे आणि पाणी काठापासून दोन-तीन इंच खाली असावे.

नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले की पुरे. सगळे पाणी एकदम ओतून पेटी घासण्याचा उत्साह माशांच्या जिवावर बेततो. खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. जास्त खाणे पाण्यात कुजते, आणि पोट भरलेला मासा अळीकडे ढुंकूनही पाहत नाही! पृष्ठभागावर तेलकट साय धरली तर कागद टेकवून ती उचलावी, कारण प्राणवायू तेथूनच पाण्यात उतरतो.

पिले फार झाली तर वापराच्या पाण्याच्या हौदात सोडावीत किंवा जिल्हा हिवताप कार्यालयात विचारावे. नदी, ओढा, तळ्यात मात्र नको. तेथील देशी माशांच्या पोटावर पाय येतो. पिण्याच्या पाण्यातही मासे नकोत. त्या भांड्याला घट्ट झाकण लावावे व आठवड्याला ते घासून कोरडे करावे. नुसते पाणी ओतून भागत नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात.

आता हातांविषयी. पेटीचे पाणी काढताना नळी तोंडाने ओढण्याची सवय घाणेरडी आहे. नळी आधी पाण्याने भरून घ्यावी, काम सोपे होते. स्वयंपाकघरातल्या मोरीत पेटी धुऊ नये, विजेची उपकरणे बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, नंतर साबणाने हात धुवावेत. हाताला जखम असेल तर पेटीचे काम दुसऱ्याला सांगावे. या पाण्यात क्षयरोगाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी एक जंतू असू शकतो. तो जखमेत शिरला तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर लालसर गाठ येते, चिघळते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. उपचार काही महिने चालतात, पण रोग बरा होतो. अशी गाठ दाखवायला गेलात तर घरी मासे पाळले आहेत, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.